सुमनवैनींचा उघड्या तोंडाचा फोटो

सुमनवैनी गेल्याचा फोन मला हातकणंगले स्टेशनवर आला. त्याला आता काही आठवडे झाले. पण आज लिहायला बसले ती दुःखानं नव्हे, किळस आली म्हणून. मागच्या आठवड्यात आमच्या कसबा बावड्यातल्या सोसायटीनं त्यांची शोकसभा घेतली... आणि ज्यांनी त्यांना हॉलमधून घालवलं, तेच पुढच्या खुर्च्यांवर बसून डोळे पुसत होते. शी!

वैनी माझ्या थोरल्या जाऊबाई. शाळेत संस्कृत शिकवायच्या. निवृत्तीनंतर मुलाकडे मस्कतला राहिल्या आणि शेजारणीशी बोलता बोलता अरबीच्या नादी लागल्या. शब्द पाठ व्हायचे, उच्चार काही केल्या जमेनात. मग बाईनं हट्टच धरला, की आवाज नुसता ऐकून भागायचं नाही, तो घशात कुठं तयार होतो ते शोधायचं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "आपली वर्णमाला कंठापासून ओठापर्यंत येते. ही मंडळी कंठाच्याही खाली एक मजला उतरतात, बघ की!"

आखातात नोकरीला निघालेल्या नर्स मुली त्यांच्याकडे यायला लागल्या, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी वर्ग भरू लागला. कळवळणाऱ्या पेशंटला यांचं बोलणं समजलं पाहिजे, नाहीतर ती नर्स काय कामाची? वैनी प्रत्येकीच्या हातात आरसा द्यायच्या. 'क' म्हणता म्हणता जीभ मागं न्यायची, पार पडजिभेला भिडेपर्यंत. एक अक्षर गुळण्या केल्यासारखं, एक चष्म्याच्या काचेवर वाफ सोडल्यासारखं. 'ऐन' हे अक्षर सगळ्यात चिवट. आमच्या कोल्हापूरच्या पोरींना वाटायचं, जोर लावला की सगळं जमतं. बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. "अगं, भांडतीयास व्हय कुणाशी?" वैनी म्हणायच्या. "डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबली की घसा आवळतोय न्हवं? तिथनं हळूच सोड."

एके दिवशी सेक्रेटरी हॉलच्या दारात उभे. "वैनी, सकाळी सकाळी खाकरल्याचे आवाज येतात. घाण वाटते हो. आणि भाषा तरी कुठली ही? आपल्यात शोभत न्हाय."

घाण! जिन्याच्या कोपऱ्यात मावा थुंकताना या माणसाला मी रोज बघते. वैनी भांडल्या नाहीत. आरसे पिशवीत भरले आणि वर्ग स्वयंपाकघरात आणला. ओट्याला पाठ लावून मुली उभ्या राहायच्या, एकीचं कोपर दुसरीला लागायचं. जागा नाही म्हणून नव्या मुलींना परत पाठवावं लागे, ते वैनींच्या फार जिव्हारी लागायचं. हॉल परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या... शेवटपर्यंत मिळाला नाही.

आणि आता शोकसभेत म्हणे, "विद्येचा झरा आटला." सेक्रेटरींनी जाहीर केलं, की हॉलला वैनींचं नाव द्यायचं. मला म्हणाले, "एक चांगला फोटो द्या."

"आणि वर्ग? तो हॉलमध्ये घ्यायचा का?"

"तो विषय वेगळा की ओ."

मी उठले, घरी गेले आणि मुलींनी मोबाइलवर काढून मोठा करून घेतलेला फोटो आणला. चष्मा कपाळावर, तोंड आ वासलेलं, जीभ मागं खेचलेली, आत पडजीभ लखलखीत दिसतेय.

"ह्ये काय? तोंड मिटलेला न्हाय का एखादा?"

"तुम्हाला ते मिटलेलंच पाहिजे होतं," मी म्हटलं. "लावायचा तर हाच लावा, आणि खाली वर्ग भरू द्या. नाहीतर त्यांचं नाव तुमच्या भिंतीवर नको मला." काहीजण चहाकडे वळले.

फोटो आता वैनींच्या स्वयंपाकघरात, बेसिनच्या वर चिकटवलाय. व्हिसाची वाट बघणारी जयश्री, त्यांची विद्यार्थिनी, वर्ग चालवते. नवी मुलगी आली, की तिला फोटोसमोर उभी करते. मुलगी लाजते, पदरानं तोंड झाकते.

"लाजतीस काय? मॅडमएवढं उघड," जयश्री म्हणते.

मुलगी उघडते. घशातून काहीतरी खरखरीत, अर्धवट बाहेर येतं. खाली सेक्रेटरींची खिडकी धाडकन बंद होते... होऊ दे.