सोनूबाईंचं नाव आणि कुलूपबंद लिनक्स

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आमची वाडी, आणि वाडीत वायरमन एकच, दिनानाथ. पन्नाशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिलीऐवजी टेस्टर. कुणाचा मिक्सर बंद पडला की लोक आधी त्याला हाक मारतात आणि मग प्लग लावलाय का ते बघतात.

संगणक तो शिकला तो निव्वळ वैतागून. शाळेत जुने बारा संगणक होते. आठवडाभर साठ मुलांचे एकशेवीस हात त्यांवरून फिरायचे. कुणी फाइल उडवायचं, कुणी खेळ घालायचं, कुणी पडदाच आडवा करून ठेवायचं. दर सोमवारी शाळेतल्या प्राची मॅडमचा फोन यायचा, "दिनूभाऊ, आज सात मेले." भाऊ जायचा आणि सगळं पुसून पुन्हा भरायचा. दोन वर्षं असं केल्यावर त्याने व्हिडिओ बघून बघून एक जालीम औषध शोधलं: इम्युटेबल, म्हणजे कुलूपबंद, लिनक्स. विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टम.

म्हणजे काय, हे त्याने शाळा समितीचे अध्यक्ष सदूदादा यांना समजावलं, ते मी स्वतः ऐकलंय.

"दादा, तुम्ही लालबागला भाड्याच्या खोलीत ऱ्हायलात न्हाय का? मालक भिंतीत खिळा मारू द्यायचा?"

"खिळा? कॅलेंडर चिकटवलं तरी बोंबलायचा."

"मंग तसंच हाय हे. मूळ सिस्टम ती मालकाची खोली. वापरा, पण भिंतीला हात न्हाय लावायचा. आपलं सामान आपापल्या पेटीत. आणि दुरुस्ती आली, तर मालक भिंत उकरत बसत न्हाय. शेजारी आख्खी नवी खोली बांधून ठेवतो. पुढच्या खेपेला चालू केलं, की आपण पेटीसकट नव्या खोलीत. नवी गळायला लागली, तर जुनी हायच तिथं."

"असा मालक आम्हाला का न्हाय भेटला रं?" दादा म्हणाले आणि परवानगी मिळाली.

तोटे नव्हते असं नाही. प्रत्येक प्रोग्रॅमची पेटी आपली चूलभांडी सोबत आणते, त्यामुळे जागा जास्त लागते. नवी खोली उतरवून घ्यायची, तर आमच्याकडच्या रेंजला दुपार जाते. प्रिंटरची तर वेगळीच तऱ्हा. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, थेट भिंतीतच शिरायला मागायचा, म्हणून छपाईपुरता दिनानाथ घरचा लॅपटॉप काखेत मारून न्यायचा. पण सोमवारचा फोन बंद झाला. तीन वर्षांत एकही संगणक मेला नाही. ह्याचा परिणाम एवढाच झाला की लोक म्हणू लागले, "दिनू शाळेत करतो तरी काय? नुसता बसून असतो."

मग या शिमग्याला हिरामणशेठ आले. वाडीतलाच मुलगा, दिनानाथचा वर्गमित्र. आता उरणला त्याचे ट्रेलर चालतात. गेल्या वर्षी त्याची आई सोनूबाई वारली, आणि तिच्या स्मरणार्थ त्याने शाळेला बारा नवे कोरे संगणक दिले. जुने भंगारात गेले. नव्यांवर दिनानाथने आपलं कुलूपबंद लिनक्स चढवलं.

आमच्याकडे नावाशिवाय दान नसतं. पंख्याच्या पात्यावर नाव, घड्याळाच्या तबकडीत नाव. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून दात्यासमोर पंखा बंद ठेवून घाम गाळणारी माणसं मी पाहिली आहेत. हिरामणची अटही तीच होती. "दिन्या, संगणक चालू केल्यावर पहिल्यांदा माझ्या आयशीचं नाव दिसलं पायजे. बस."

अडचण अशी की तो पहिला पडदा मालकाच्या भिंतीतला. त्यावर नाव कायमचं कोरायचं, तर नाव घातलेली आख्खी नवी खोलीच बांधायला हवी. दिनानाथने ते कधी केलं नव्हतं. "आठ दिवस दे," तो म्हणाला. हिरामण म्हणाला, "उद्या पालखी शाळेत येते. सारा गाव असेल. उद्याच."

इथे दिनानाथने नको ते केलं. त्या लिनक्समध्ये भिंतीचं कुलूप तात्पुरतं उघडता येतं. मात्र संगणक बंद झाला, की केलेलं सगळं पुसलं जातं. त्याने बाराही ठिकाणी नाव टाकलं: कै. सोनूबाई यांच्या स्मरणार्थ. हिरामणला नेऊन दाखवलं. हिरामणने डोळे पुसले. दिनानाथ प्राची मॅडमना सांगून गेला, "उद्यापर्यंत बंद करू नका." सदूदादांना सांगायचं राहिलं. आणि शाळेतून शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, हा नियम खुद्द दिनानाथनेच भिंतीवर लिहून ठेवलेला. दादा नियमाचे पक्के. त्यांनी मेन पाडला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पालखी आली, ढोल थांबले, पडदा बाजूला झाला. बारा संगणक चालू झाले आणि बारांवर निळाभोर, रिकामा पडदा.

"आयशीचं नाव कुठं हाय?"

"काल होतं रे."

"काल होतं, आज न्हाय. मेलेल्या माणसाचं असंच सांगतात, दिन्या. तेवढं मला ठाऊक हाय."

दिनानाथ खोली, भिंत, कुलूप सांगायला लागला. लालबागच्या खोलीवरून ज्या दादांना ते पटलं होतं, तेही खाली बघत राहिले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तीन वर्सं बसून काढली, मंग काय व्हनार!" हिरामण एवढंच बोलला, "जिच्या हातची नाचणीची भाकर खाल्लीस, तिचं नाव पुसलंस."

सोमवारी हिरामणने बोलावलेला एक माणूस पनवेलहून आला. त्याने दिनानाथचं सगळं काढून टाकलं, चोरीचं विंडोज चढवलं, आणि चालू करताच सोनूबाईंचा फोटो, नाव, भोवती झेंडूची माळ. हिरामण समाधानाने उरणला गेला. समितीने संगणकांच्या प्रयोगशाळेची चावी दिनानाथकडून काढून घेतली. त्याने ती कडीतून सोडवून दिली.

आणि घरी बसून ते आठ दिवसांचं काम त्याने सात दिवसांत पुरं केलं. त्याची बायको सगुणावहिनी ओरडत होत्या, "चावी गेली, आता कुनासाठी करतंस?" खोली बांधून झाली. तिच्या भिंतीतच सोनूबाईंचं नाव, कुणी मेन पाडो की मुलं काहीही करोत, न पुसणारं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ऑगस्टपर्यंत बारांतले नऊ मेले. झेंडूची माळ दिसायची, पण पुढे काही उघडायचं नाही. प्राची मॅडमनी सदूदादांना धरून आणलं, दादांनी दिनानाथला बोलावलं, आणि त्याच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकला. संगणक हिरामणने दिलेले, तेव्हा त्याला विचारायला हवं.

"शेठ, दिनूने घरी बसून नवं करून ठेवलंय बरं का. नाव कायमचं ऱ्हाईल म्हनतो."

पलीकडे ट्रेलरचा हॉर्न वाजला. मग हिरामणचा आवाज आला, "बंद पडले तर पडू देत, दादा. त्याचा हात माझ्या आयशीच्या नावाला परत लागायला नको."

दादांनी फोन ठेवला. लोक मला विचारतात, हे कुलूपबंद लिनक्स घेण्यासारखं आहे का? जिथे साठ मुलांचे हात लागतात, तिथे आहेच. त्याहून चांगलं मी पाहिलेलं नाही. पण जिथे मोठ्यांना आपला खिळा मारायचाच असतो आणि आठ दिवस थांबायचं नसतं, तिथे घेऊ नये. उगाच एक चांगला माणूस वाया जातो.

दिनानाथ आता मिक्सरच दुरुस्त करतो. ती बांधलेली खोली त्याने आपल्या लॅपटॉपवर चढवली आहे. रोज सकाळी तो चालू केला की सोनूबाईंचं नाव येतं. परवा मी म्हटलं, "अरे, नाव नसलेल्या जुन्या खोलीत परत जाता येतं ना? एका बटणाचं काम."

"येतं की," तो म्हणाला, आणि मिक्सरचा स्क्रू कसत राहिला.