ठकी आणि चुकलेले मोजे

काकूंच्या लाँड्रीत कपड्यांची अदलाबदल झाली, असं त्या रस्त्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. साधा रुमालसुद्धा ज्याचा त्यालाच जायचा. दुकान लहान होतं. पुढे गोल काचेच्या दाराची तीन मशिनं, मागे इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर कायम तापलेल्या दोन इस्त्र्या आणि कोपऱ्यात एक जुना सोफा. त्या सोफ्यावर काकूंची चार वर्षांची नात बसलेली असायची.

तिला घरात ठकी म्हणत. लाकडाची ठकी ठेवावी तिथेच राहते, तशीच ही. सकाळी कामावर जाताना लेक तिला सोडून जाई, काकू तिच्या हातात मोबाइल देत आणि संध्याकाळी लेक तिला त्याच सोफ्यावरून उचलून नेई. काकूंना यात काही वावगं वाटत नव्हतं. लेक लहान असताना याच टेबलाखाली खेळली होती आणि एके दिवशी तिने इस्त्रीची वायर ओढली होती. तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग अजून गेलेला नाही. तेव्हापासून दुकानात पोर जागचं हललं की काकू हातातलं काम टाकून धावायच्या. मोबाइल आला आणि त्यांना वाटलं, देव पावला.

मग एके दिवशी लेक डॉक्टरांकडून थेट दुकानात आली.

"आई, हिला एका पायावर उडी मारता येत नाही. जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का, मुलगी सारखी बसलेली का असते?"

"मग काय नाचायला लावू इस्त्र्यांमध्ये?"

"तेच म्हणते मी. पुढच्या महिन्यापासून हिला दिवसभराच्या पाळणाघरात घालते. तिथे अंगण आहे."

काकूंच्या हातातली इस्त्री थांबली. कॉलर जळायच्या आत त्यांनी ती उभी केली. ठकी दुकानात नसेल हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. "मला एक महिना दे," त्या म्हणाल्या. "मोबाइल बंद करून दाखवते."

मोबाइल खणात गेला आणि खणाला कुलूप लागलं. पहिले काही दिवस ठकीने दुकान डोक्यावर घेतलं. मग एकाएकी ती शांत झाली. काकूंनी लेकीला ऐटीत सांगितलं, "बघ, आठवडाभरात पोर ताळ्यावर आणली."

लेक बघायला आली, तर ठकी पालथ्या टबावर बसून मधल्या मशिनच्या काचेत डोळे लावून होती. आत कुणाच्या तरी चादरी गरगर फिरत होत्या.

"आई, हा तर आणखी मोठा पडदा झाला!"

"जाहिराती तरी नाहीत," दारात गाठोडी बांधत असलेले ठकीचे आजोबा म्हणाले. आसपासच्या इमारतींमध्ये धुतलेले कपडे पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं.

काकूंनी रागाने काचेवर टॉवेल टांगला. ठकी टॉवेलकडे बघत बसली.

त्या दुपारी आजोबा जेवताना म्हणाले, "अगं, आज सकाळपासून तू तिला काय काय सांगितलंस, आठवून बघ."

"काय सांगणार? नीट बस. गप बस. तिथेच बस. हलू नकोस."

"मग बसलीय की बिचारी. आज्ञाधारक आहे."

काकूंचा घास तसाच राहिला. पडदा काढला, पण बसणं त्यांनी स्वतःच पोरीच्या अंगात भरलं होतं. लेकीच्या मनगटावरच्या डागाचा दंड नात भरत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद राहिलं. इस्त्रीचं टेबल फिरवून भिंतीला लावलं गेलं, वायरी वर खिळ्यांना टांगल्या गेल्या आणि फरशीवर तांबड्या रंगाचा जाड पट्टा ओढला गेला. "पट्ट्याच्या पलीकडे जायचं नाही," काकूंनी बजावलं. "अलीकडे काय वाटेल तो धिंगाणा घाल." हे वाक्य त्यांना फार जड गेलं.

पण धिंगाणा घालायचा कसा, हे ठकीला ठाऊक नव्हतं. म्हणून तिला काम दिलं. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावायच्या आणि आजोबांच्या गाठोड्यांत टाकायच्या. ती ढिगाभोवती वाकू लागली, उठू लागली, धावू लागली. जोड्या मात्र तिच्या मर्जीने लागायच्या. एका वकिलांच्या गाठोड्यात बदकांचं चित्र असलेला मोजा गेला आणि बदकवाल्या बाळाच्या घरी वकिलांचा काळा.

दुसऱ्या दिवशी वकील आले. "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

काकू कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी आजोबांना बदकाचा मोजा द्यायला पिटाळलं. "आणि जिने ही भानगड केली, तिलाही न्या!"

दोघं दोन जिने चढून उतरून आली. ठकीला धाप लागली होती, पण ती हसत होती. बाळाने म्हणे मोजा तोंडात घातला.

त्या संध्याकाळी गाठोडी तपासताना काकूंना आणखी एक चुकलेली जोडी दिसली. हात सवयीने पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि गाठ मारून टाकली.

पुढचे आठवडे लाँड्रीच्या लौकिकाला बरे गेले नाहीत. रोज कुणाचा ना कुणाचा मोजा चुकायचा आणि आजोबा नि नात तो परत द्यायला निघायचे. "काकूंना आताशा दिसत नाही वाटतं," असं कुणी म्हणालं, तर काकू ऐकून घेत. ठकी मात्र जिने चढायला शिकली आणि बेल वाजवायला. शेजारच्या सायकलवाल्याची मुलगी तिची मैत्रीण झाली.

महिना संपल्यावर लेक आली तेव्हा सोफा रिकामा होता. ठकी सायकलच्या दुकानासमोर टायर पळवत होती. लेक म्हणाली, "राहू दे हिला तुझ्याकडे, आई."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ठकी धावत आली. "आई, माझी मैत्रीण सकाळी पाळणाघरात जाते. तिथे झोका आहे. मला पण जायचंय!"

आजोबांनी काकूंकडे पाहिलं. काकू शर्टाची घडी घालत होत्या. ती त्यांनी पुरी केली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण दुपारी इकडेच."

तेव्हापासून ठकी सकाळी पाळणाघरात असते. परवा वकील गाठोडं उघडून म्हणाले, "वा काकू! मोजे बरोबर यायला लागले."

"सकाळी बांधलेलं आहे ते," काकू म्हणाल्या. "दुपारचं गाठोडं बघून घेत जा."