रद्द झालेल्या नौकेचा कठडा

दुमजली दुकानाचा माझा नकाशा मंजूर होऊन रद्द झाला, तेव्हापासून शेलूबाजारातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसतो. शेगडी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यावरही खेकसलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुकानात आल्यापासून त्या गॅसच्या शेगडीवर रिकामं पातेलं ठेवून तो ती पुन्हा पुन्हा तिरपी करत होता आणि घसरलेलं पातेलं अलगद झेलत होता.

"काका, शेगडी हाये का झोपाळा?"

"बायकोचे हात थरथरतेत, भाऊ. तिच्या अंगावर सांडन. याले चारी बाजूनं कठडा पायजे." मग म्हणाला, "मी जहाजाच्या कारखान्यात नकाशे काढत होतो. एका युद्धनौकेच्या सैपाकघरात असाच कठडा काढला होता, लाटेत आचारी भाजू नये म्हणून. नौका बांधायच्या आधीच रद्द झाली."

"मंग राग नाही येत?"

"येते न. पण वारा सुटला का अजूनबी त्या आचाऱ्याचीच काळजी वाटते."

भावाची घासाघीस न करता मी कठडा जोडला. गार झाल्यावर त्यानं त्यावरून बोट फिरवलं, पातेलं आत ठेवलं आणि तो म्हणाला, "आता तुमी हालवा."

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी लाट येत असेल तशी ती शेगडी गदागदा हलवली. पातेलं आतच राहिलं.