माका आणि एकदांडी

राजुऱ्याहून आरमोरीला नोकरीसाठी आले, तेव्हा मला बीएस्सी होऊन चारच महिने झाले होते. गावोगावच्या बाया रानातून औषधी पाला वाळवून एका खरेदी केंद्रात आणायच्या. तो तपासायचा आणि खरा असेल तरच आत घ्यायचा, हे माझं काम. ऐंशीनंतरची पहिलीच वर्षं होती. आमच्या घरात नोकरी करणारी मी पहिली मुलगी, त्यामुळे खुर्चीत बसताना पाठ जरा जास्तच ताठ असायची.

पावसाळा सरताना माका यायचा, केसांच्या तेलात घालतात तो. त्याच्याच कुळातली एकदांडी रस्त्याच्या कडेला कुठेही उगवते. ताजी असताना दोन्ही ओळखणं सोपं. एकदांडीच्या लांब देठावर एकच फूल, मधोमध पिवळं. माक्याचं फूल लहान आणि मधेही पांढरंच. पण वाळून, मोडून, पोत्यात दाबून आलं की सगळाच नुसता पाला. केंद्राच्या साहेबांनी मला एक खूण सांगून ठेवली होती : माका वाळला की काळपट पडतो, हिरवट राहिला तर एकदांडी समजायची.

एका दुपारी पन्नाशीची एक बाई दोन कोस चालत, डोक्यावर पोतं घेऊन आली. मी मूठभर पाला काढून पाहिला. हिरवट होता.

"मावशी, हा माका नाही. एकदांडी आहे."

"माकाच हाये, बाई. सावलीत वाळवला म्या."

"मी शिकलेय यातच. मला कळतं."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. गोदामामागे जाऊन तिने पोतं रिकामं केलं, झटकलं, घडी काखेत मारली आणि निघून गेली.

तीन दिवसांनी रिकामी पोती उन्हात टाकायला मी तिकडे गेले. वारा सुटला होता. कुंपणालगतच्या एकदांडीची फुलं पिकली होती आणि त्यांच्या पिसं असलेल्या बिया, म्हाताऱ्या, उडून माझ्या साडीला चिकटत होत्या. बाईच्या ढिगातून मात्र एकही उडत नव्हती. मी खाली बसले. ढिगातली वाळकी फुलं तळहातावर चोळली. बारीक काळपट बिया पडल्या, एकीलाही पिसं नव्हती. माका सावलीत वाळवला म्हणून हिरवट राहिला होता. बियांमधला हाच फरक मी परीक्षेत आकृती काढून लिहिला होता.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "झालं ते झालं. आता चूक कबूल केली, तर उद्या प्रत्येक बाई भांडायला येईल."

रविवारी रस्ता विचारत विचारत मी तिच्या गावी गेले. ती अंगणात धान पाखडत होती. मला पाहून दचकून उभी राहिली. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मावशी, तुमचा माकाच होता. मी चुकले."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी म्हटल्यावर मालूम नाई राह्यलं."

"मंग भांडल्या काऊन नाई तुमी?" केंद्रातली माझी भाषा गळून पडली होती.

"तुमी शिकलेल्या. म्या म्हटलं, पुस्तकात दुसरं लिवलं असन. मले माह्या मायनं दाखवलं होतं. वाटलं, तिचंच चुकलं असन."

नातीसाठी माका घालून कढवलेलं तेलही तिने त्याच दिवशी उकिरड्यावर ओतून दिलं होतं. पोत्याची भरपाई करता आली असती. तिच्या आईवरचा तिचा विश्वास मी एका वाक्यात हलवला होता, त्याचं काय करणार?

तीच मला शेताकडे घेऊन गेली. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, माक्याचं एक झाड उपटून तिने पानं चुरडली आणि रस माझ्या अंगठ्याच्या नखाला लावला. हिरवा होता.

"थांब जरा," ती म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिने मला अगंतुगं केलं. "आता पाह्य."

नखावरचा रस हळूहळू काळा पडत गेला.

"एकदांडीचा असा नाई होत. माही माय अशीच दाखवे."

"बरोबर दाखवत होती तुमची माय," मी म्हटलं. ती वाकली आणि उगाचच दोन-चार झाडं आणखी उपटत राहिली.

सोमवारी मी सगळ्या बायांसमोर माझी चूक सांगितली. ढिगाचा दवाने खराब झालेला वरचा थर काढून बाकीचा माका तिचा म्हणून आत घेतला. साहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. नंतर तेही विसरले.

पुढे तीन वर्षं मी तिथे होते. तिचा माका सगळ्यांत स्वच्छ असायचा, काडीकचरा नाही, दुसरं एक पान नाही. बाकीच्या बाया पोतं टेकवून सावलीत जाऊन बसायच्या. ती मात्र पोतं माझ्यासमोर उघडायची आणि उभी राहायची.

"माकाच हाये ना, बाई?"

"तुमीच सांगा ना, मावशी. तुमाले मालूम हाये."

ती हसायची. पण मी मुठीत पाला घेऊन "हो, माकाच हाये" म्हणेपर्यंत काही खाली बसायची नाही.