वर्षाचा लाँचर चालू झाला

मंडळी, आज दुपारी मी फार वाईट वागले.

जळगावच्या आम्ही तिघी मैत्रिणी रविवारी ऑनलाइन गेम खेळतो. साक्रीची माझी मामेबहीण वर्षा, मलाही खेळायला घ्या म्हणून कधीची मागे लागली होती. तिच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि गेमचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारा प्रोग्राम, विंडोजसाठी बनवलेला. चालणार नाही हे माहीत असूनच मी म्हटलं होतं, "आधी लाँचर चालू कर, मग घेऊ तुला."

पंधरा दिवस खटपट करून तिने लाँचर चालू केलाच आणि आज फोन केला. "ताई, चालू व्हयना! येऊ का खेळायला?"

"अगं, आम्ही तो गेम सोडला," असं सांगून मी खेळत राहिले.

नंतर लाँचरमधली मैत्रिणींची यादी पाहिली. फोन करण्याआधीच तिने मला तिथे जोडलं होतं. मी काय खेळतेय, हे तिला तासभर दिसत होतं.

तिचा परत फोन आला नाही. मी करू का? करून काय सांगू?