वॅलेटाच्या तटावरून दिसलेला अंगठा

दादा, कुवेतच्या विमानतळावर रांगेत उभी राहून मी तुला फोन केला आणि धडधडीत खोटं बोलले, "या वर्षी रजा मिळाली नाही रे." रजा मिळाली होती. हॉस्पिटलातल्या दोघी मैत्रिणींबरोबर मी माल्टा बेटावरचं वॅलेटा शहर बघायला निघाले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझी रजा माझ्यासाठी.

खोटं का बोलले तेही ऐक. दर रजेत मी गुहागरला येते आणि अंगणात रांग लागते. काकांची शुगर, वहिनीची पाठ, शेजारणीचे जुने रिपोर्ट. अख्खी वाडी वर्षभर दुखणी साठवून ठेवते, "ताई आली की दाखवू." इथं वॉर्डात "सिस्टर, सिस्टर", तिथं "ताई, ताई". मी माणूस आहे की दवाखाना?

वॅलेटात मात्र जीव हरखला. पिवळ्या दगडांच्या उभ्या गल्ल्या, पायऱ्याच पायऱ्या, घरांना रंगीत लाकडी बंद सज्जे, आणि गल्लीच्या टोकाला समुद्र. भाजीवालीच्या माल्टी भाषेतले आकडे चक्क अरबीसारखे! पेशंटांकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत मी घासाघीस केली, तर ती खो खो हसली. अख्ख्या दिवसात कुणी मला कामासाठी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिथल्या किल्ल्याच्या तटावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, तिला तरी खरं सांगावं. फोन तिच्या हातातून घसरला आणि मला तिच्या पायाचा अंगठा दिसला. काळा पडलेला.

"आई, हे कधीपासून?"

"झाला असेल महिनाभर. दादा म्हणाला, तू आलीस की दाखवू."

महिनाभर! शुगरच्या बाईचा अंगठा काळा पडतो, दवाखाना अर्ध्या तासावर, आणि तू माझी वाट बघतोस? मी येत नाही हे कळल्यावरही? तुला लगेच फोन लावला, मी कुठं आहे तेही सांगून टाकलं, आणि पुढे जे बोलले ते सगळ्या तटानं ऐकलं. मैत्रिणींना मराठी येत नाही, तरी त्या घाबरून उठल्या. आणि तुझं उत्तर काय, "तू तिकडे किल्ले बघत हिंडतेस आणि मला शिकवतेस?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

राग माझा माझ्यावरही आहे. "थांबा, मी आले की बघते," हे दर वर्षी म्हणणारी मीच. तुम्हाला ही सवय मीच लावली.

त्याच संध्याकाळी तू तिला दवाखान्यात नेलंस. अंगठा गेला, पाय वाचला. आई म्हणते, "एका अंगठ्यावाचून काय अडतंय बायो? ते गाव कसं होतं ते सांग." तुमच्यापैकी तेवढं तिनंच विचारलं.

परत कुवेतला, बनेद अल-गार भागातल्या माझ्या खोलीत बसून हे लिहितेय. घरची आठवण रोज येते, आणि रोज चीडही येते. माझी वाट बघण्यात जिथं आईचा अंगठा जातो, त्याला घर कसं म्हणू? तरी पुढच्या रजेत येणार आहे, आईशेजारी नुसती बसायला. तिच्या पायाचं ड्रेसिंग तू करायचंस. आजपासून शिक.