एका माशाला दोन मानकरी

जुइलान स्वयंपाकीण लग्नाची पंगत घ्यायची, मयताची घ्यायची. राजकीय पक्षाची घेत नसे. एकदाच घेतली होती, दहाएक वर्षांपूर्वी. तेव्हा कुओमिन्तांगवाले आणि कम्युनिस्ट एकमेकांच्या वाडग्यात आग्रहानं वाढत होते. वर्ष फिरायच्या आत कुओमिन्तांगवाल्यांनी कम्युनिस्टांची मुंडकी वेशीवर टांगली. त्यानंतर महिनाभर जुइलानला मासा साफ करवला नव्हता.

आता जपानी चालून आले म्हणून पुन्हा गळ्यात गळे. कुओमिन्तांगचे फू सेक्रेटरी स्वतः तिच्या चुलीपाशी आले.

"बाई, तुझा भाऊ शौवन आमच्या तुरुंगात आहे ना? कम्युनिस्टांचाच माणूस तो. मेजवानीत त्यांना भेट देऊन टाकतो. मैत्रीची खूण!"

माणूस की हंड्यातलं लोणचं? पण तिनं शब्द गिळला आणि होकार दिला.

कुलमंदिरात मेजवानी मांडली. फू आणि कम्युनिस्टांचे कॉम्रेड च्याव समोरासमोर बसले, दोन्ही आसनं मुद्दाम सारख्या मानाची. लाल मिरच्यांत वाफवलेला अख्खा मासा घेऊन जुइलान आली आणि सगळ्यांचे हात थबकले. माशाचं तोंड ज्याच्याकडे, तो मानकरी. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायच्या काड्या उचलायच्या नाहीत.

फूच्या कारकुनानं ताट साहेबांकडे वळवलं. च्यावच्या अंगरक्षकानं उलटं फिरवलं.

"यजमान आम्ही आहोत!"

"म्हणून तर पाहुण्याचा मान!"

"पाहुणे? काल-परवापर्यंत डाकू म्हणायचो आम्ही तुम्हाला."

"आणि आम्ही तुम्हाला काय म्हणायचो, सांगू? बायामाणसं आहेत इथं."

दोन्ही पुढारी हसत होते. ओठांनीच. ताट इकडून तिकडे फिरत राहिलं, रस्सा मेजावरून ओघळला, मासा गार पडला.  जुइलान आत गेली, सुरा घेऊन आली आणि भर पंगतीत तिनं माशाचं डोकं मधोमध फोडलं. एक डोळा इकडे, एक तिकडे.

तिला वाटलं, आता शिव्या बसणार. अख्खा मासा पंगतीत तोडणं म्हणजे अपशकुन.

"वाहवा!" फू म्हणाले.

"हा खरा समेट!" च्याव म्हणाले. आणि दोघांनी एकदमच तोंडात घास घातला.

 मद्याचे पेले रिते झाल्यावर फू घसा खाकरून उठले. "कॉम्रेड, तुमचा शौवन आम्ही तुम्हाला परत देतो."

च्याव माशाचा काटा काढत बसले. "आमचा? त्यानं तुमच्या जेलरपुढे गुडघे टेकून माफी मागितली. तसली माणसं आम्ही आपली म्हणत नाही."

"म्हणजे माझी भेट नाकारता?"

"नासकी भेट कोण घेतं?"

फूचा चेहरा लालबुंद झाला. "मग आम्ही तरी कशाला पोसू? आमचाही नाही तो!"

"मग मी नेऊ?" जुइलान म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती तिथं आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

"ने, ने," फूंनी काड्या झटकल्या. कारकुनाला खूण केली, "जा, सोडायला सांग." आणि ते पुन्हा च्यावचा पेला भरू लागले.

तुरुंगाच्या दारात शौवन भिंतीला धरून बाहेर आला. दाढी वाढलेली, दात पडलेले. जुइलाननं आपला कापूस भरलेला कोट त्याच्या अंगावर घातला.

"ताई, ढोल वाजत होते. समेट झाला ना?"

"झाला."

"मग आपले लोक कुठायत? च्याव आले नाहीत मला न्यायला?" तो तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होता, डोळ्यांत नवरदेवासारखी आस. "ते येतील, ताई. थोडं थांबू या का?"

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. थुंकायचं होतं तिला, पण समोर हा उभा.

"ते जेवतायत," ती म्हणाली. "चल, घरी भात आहे."

तो हलेना. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं.